टेसू म्हणजे पळस

रमजान लागायच्या आधीच्या आठवड्यात आपाकडे धारावीला गेले होते. भाचीला शाळेतून पाच झाडांची नावे उर्दूत लिहून आणायची होती, म्हणून तिला घेऊन महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेले. उर्दू-मराठी शिकवणारी खाला सोबत असल्यावर तिला कसली काळजी!

मिठी नदीकाठची ही ३७ एकर जागा पूर्वी मुंबईचा कचरा टाकायची होती. तिथे पहिले झाड १९८३ मध्ये लावले ते पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. सालिम अली १९८७ मध्ये गेले, म्हणजे ही सावली त्यांना मिळालीच नाही. पंच्याऐंशी उलटलेला माणूस कचऱ्याच्या ढिगावर रोप लावतो! हातातल्या रोपाची हदीस आपण पोरांना नुसती ऐकवतो.

नीम, पीपल, बरगद, सेमल ही नावे भाचीने भराभर लिहिली. सावरीवर मैनांचा गोंगाट होता. पुढे पळस दिसला. पान जवळजवळ नाही, नुसती केशरी फुले.

"खाला, याला उर्दूत काय म्हणतात?"

मी गप्प. बीएड झालेली, वीस वर्षे दोन्ही भाषा शिकवणारी मी!

गेल्याच महिन्यात सरावलीच्या एका मुलाने उर्दू निबंधात बहारबद्दल लिहिताना 'पळस' लिहिले होते. त्याच्या घरामागे पळस आहे, आजी त्याच्या पानांच्या पत्रावळी लावते, असेही लिहिले होते. मी 'पळस'भोवती लाल गोल केला. मराठी शब्द नको, उर्दू लिही. दुसऱ्या दिवशी त्याने तिथे 'गुलाब' लिहून आणले. पत्रावळीचे वाक्य गाळले होते. गुलाबाच्या पानांची पत्रावळ कोण लावणार? मी पूर्ण गुण दिले.

उद्यानातच फोनवर लुगत उघडली. ढाक, टेसू. टेसू! हा शब्द शायरीत कितीदा वाचला, वर्गात शिकवलासुद्धा. शाळेच्या वाटेवरचा पळस तोच, हे आज कळत होते. भाचीने वहीत दोन्ही नावे लिहिली.

सोमवारी त्या मुलाला बोलावले. चूक माझी होती, पहिला निबंध परत लिही, म्हणाले. टेसू लिही, पळस लिही, आजीची पत्रावळही लिही.

तो वहीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, गुण कमी होतील का?"