आर्नहेमचे बिनतारी संच आणि बाबांचा प्रश्न

आजचा धागा आर्नहेमवर. 'अ ब्रिज टू फार' हा १९७७ सालचा चित्रपट आमच्या घरी पुष्कळ उशिरा, भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला गेला. संचांत चुकीचे क्रिस्टल आल्याचे समजते तो प्रसंग आला आणि बाबा सावरून बसले. सैन्यातील त्यांची सारी नोकरी बिनतारी संच दुरुस्त करण्यात गेली होती. "क्रिस्टल राहू दे. दोन ठाण्यांत अंतर किती होते?" त्यांनी विचारले. मला ठाऊक नव्हते.

१७ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिशांची पहिली एअरबोर्न डिव्हिजन हॉलंडमध्ये उतरू लागली. पुलाजवळच्या विमानविरोधी तोफांच्या धास्तीने मैदाने निवडली गेली ती पुलाच्या पश्चिमेला, दहा-बारा किलोमीटरवर. २२ क्रमांकाच्या संचावरून बोलणे सुमारे ८ किलोमीटरपर्यंत पोहोचेल, असे धरलेले असे. पाठीवरचा ६८ क्रमांकाचा संच त्याहूनही तोकडा. शिवाय हे आकडे मोकळ्या मैदानातले. येथे मध्ये दाट झाडी आणि विटांची घरे होती.

चुकीच्या क्रिस्टलांची गोष्ट अगदीच निराधार नाही. पण ती विमानांना साहाय्यासाठी बोलावणाऱ्या अमेरिकन पथकांच्या संचांची आहे. २२ क्रमांकाच्या संचावर लहरी चकती फिरवून जुळवीत, त्याला क्रिस्टल लागतच नसे. चित्रपटाने दोन दुखणी एकाच खात्यावर मांडली आणि दोष आपसूक कारागिरांच्या माथी गेला.

परिणाम भयंकर होता, हे खरेच. संपर्क होईना म्हणून डिव्हिजनचे सेनापती अर्कहार्ट स्वतः जीप घेऊन बाहेर पडले, जर्मनांच्या गराड्यात एका घराच्या माळ्यावर अडकले आणि १९ तारखेच्या सकाळी परतले. या काळात डिव्हिजन सेनापतीवाचून लढत होती. पुढे रसद बहुतांशी शत्रूच्या हाती पडू लागली, बॅटऱ्याही क्षीण होत गेल्या. तरीही २१ तारखेला तोफखान्याच्या संचावरून निजमेगेनकडील ६४ मिडियम रेजिमेंटशी संबंध जुळला आणि तिचे गोळे घेरलेल्या सैनिकांभोवती अचूक पडू लागले. त्या संचापाशी बसलेल्यांवर चित्रपट निघाला नाही.

हे सारे मी बाबांना सांगितले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. एका सरावात टेकडीपलीकडची तुकडी ऐकू येईना, म्हणून त्यांच्या सेवापुस्तिकेत हलगर्जीपणाचा शेरा पडला होता. संच तपासला तेव्हा निर्दोष निघाला. शेरा मात्र निवृत्तीपर्यंत तसाच राहिला. वाल्व्ह बदलता येतो, सांधा पुन्हा डाखता येतो, बॅटरी भरता येते. टेकडी काही दुरुस्त करता येत नाही, एवढेच ते त्याविषयी बोलत.

"दहा-बारा किलोमीटर," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, झोप लागली.

"आणि एरियल केवढी लावली होती?"