अम्मींच्या गुडघ्यांना झेपेल अशी बोट

“मला घरीच राहू द्या. तुमच्या गळ्यात माझं लोढणं कशाला?” केरळला जायचं ठरलं तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, पहिलं हेच म्हणाल्या.

आम्ही अकरा जण होतो. अम्मी, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, दीर-जाऊ आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. शिवाय माझ्या शाळेतल्या एक बाई, त्यांचे यजमान आणि आई. हे तिघं शुद्ध शाकाहारी.

मुलांना मोठं जहाज हवं होतं. पण तिथे बार, कॅसिनो आणि रात्रभर गाणीबजावणी. त्यापेक्षा अलेप्पीची हाउसबोट पूर्ण आपल्यापुरती घ्यावी, असं मी सुचवलं. यावर आमच्या ह्यांनी तानूरची आठवण दिली. 7 मे 2023 रोजी केरळातच तानूरला पर्यटकांची बोट उलटली आणि 22 जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलं बरीच होती. मासेमारीच्या होडीत फेरफार करून ती बोट केलेली आणि वर क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली. तेव्हा ठरलं, बोट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

म्हणून रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेसने एक दिवस आधीच पोहोचलो. पहिली बोट दुमजली, चकचकीत. जिना मात्र उभा. परवाना दाखवा म्हटल्यावर एजंट म्हणाला, “अजून चार माणसं बसतील, काळजी नको.” आम्ही सलाम करून निघालो.

दुसरी बोट साधी, एकमजली, चार खोल्यांची. परवान्यावर प्रवाशांची संख्या लिहिलेली होती. लाइफ जॅकेट आम्ही मोजून घेतली. लहान मुलीच्या मापाचं नव्हतं, ते मागवल्यावरच होकार दिला. कमोड पाहिला, कठडा हलवून पाहिला. कोंबडी हलाल, शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी आणि बोटीवर दारू नाही, हे आचाऱ्याशी समोरासमोर बोलून घेतलं.

एक विचारायचं राहिलं. एसी फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा चालतो, हे चढल्यावर कळलं. दुपारी बाईंच्या आईंना उकाड्याचा फार त्रास झाला. तुम्ही आधी विचारा.

या बोटींना केट्टुवळ्ळम म्हणतात, म्हणजे बांधलेली होडी. लाकडाच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने बांधायच्या, ही जुनी रीत. पूर्वी त्यांतून भात आणि मसाल्याची ने-आण होई. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीखाली आहे. एका बाजूला बांधापर्यंत पाणी आणि त्याखाली हिरवं शेत, हे पाहून मुलं मोबाइल विसरली. अरुंद कालव्यांत मोठी बोट शिरत नाही, तिथे तासाभरासाठी शिकारा घेतला.

संध्याकाळी मासेमारांची जाळी पडतात, म्हणून साडेपाच-सहाच्या सुमारास हाउसबोटी काठाला बांधतात. आम्हाला हे सोयीचंच झालं. चालत्या बोटीत किब्ल्याची दिशा सारखी बदलते. बांधलेल्या बोटीत मगरिब, इशा आणि फजर निवांत झाली.

फळीवरून चढताना अम्मींचे हात थरथरत होते. दोन्ही बाजूंनी खलाशी उभे राहिले आणि त्या चढल्या. रात्री त्या आणि बाईंच्या आई गुडघ्यांना तेल लावत गप्पा मारत बसल्या होत्या. सकाळी अम्मींनी पुढच्या डेकवर खुर्चीत बसून फजर पढली. लोढण्याचा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून निघाला नाही.

सगळ्यांची बोट निवडायची असेल, तर सर्वांत अशक्त माणसापासून सुरुवात करा. बाकीचे आपोआप मावतात.