कासा, कासार्से आणि चारकोप

‘लग्नासाठी स्पॅनिश शिकतेय’ म्हटलं की समोरच्याच्या भुवया वर जातात. रिलॅक्स! लग्न माझं नाही, मावसबहिणीचं आहे. मुलगा व्हॅलेन्सियाचा, आणि त्याच्याकडची मंडळी थेट चारकोपला, मावशीच्या घरी येणार आहेत. दुभाषी अर्थातच मी.

चारकोप पाहिलंय? मेट्रो २ए ने डहाणूकरवाडीला उतरा आणि लिंक रोड सोडून पश्चिमेला वळा. १९८० च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने इथे रस्ते, पाणी, गटारं असलेले छोटे प्लॉट दिले. काही तर जेमतेम २५ चौरस मीटरचे. घर ज्याचं त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं. आधी एक खोली, मग पोटमाळा, मग वरचा मजला. मावशीच्या गल्लीत मुलाचं लग्न ठरलं की स्लॅब पडलाच म्हणून समजा.

याच गल्ल्यांतून फिरत मी शब्द पाठ करते. ‘नोविओ’ म्हणजे बॉयफ्रेंड, साखरपुडा झालेला मुलगा आणि चक्क नवरदेवसुद्धा. तिन्हींना एकच शब्द! घरी ‘हा माझा... मित्र’ म्हणताना अडखळणाऱ्यांची केवढी सोय! ‘लूना दे मिएल’ म्हणजे सरळ आपला मधुचंद्र. ‘एस्पोसा’ म्हणजे बायको, पण ‘एस्पोसास’ म्हणजे बायका आणि हातकड्याही. (काकांना हे अजून सांगितलेलं नाही.)

आणि बॉस, इंग्रजीला जी नाती जमत नाहीत ती इथे आहेत. व्याही ‘कोन्सुएग्रो’, विहीण ‘कोन्सुएग्रा’, साडू ‘कोन्कुन्यादो’. मावशीचा चेहराच खुलला. ‘विहिणीला शब्द आहे ना त्यांच्यात? मग जमेल आमचं.’

पण तिची खरी काळजी वेगळी. पोरगी राहणार कुठे? वरचा मजला तिने रंगवून ठेवलाय, आणि हे दोघं व्हॅलेन्सियात फ्लॅट शोधताहेत. स्पॅनिशमध्ये लग्न करणं म्हणजे ‘कासार्से’. त्याच्या पोटात ‘कासा’, म्हणजे घर. पोर्तुगीजमध्येही तसंच. गोव्यातलं ‘काजार’ तिथूनच आलं. त्यांची म्हणही आहे, ‘एल कासादो कासा किएरे’: लग्न झालेल्याला स्वतःचं घर हवं. आपण नाही का म्हणत, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून? गंमत म्हणजे प्रेम व्यक्त करायला तिथे ‘ते किएरो’ म्हणतात. शब्दशः, ‘मला तू हवीस’. घर हवं आणि तू हवीस, दोन्हींना क्रियापद एकच.

हे सगळं मावशीला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आम्ही तरी दुसरं काय केलं गं? लालबागच्या खोलीत सासूबाईंना ठेवून इथे आलो. तेव्हा इथे नुसतं जोतं होतं. त्याही म्हणाल्या होत्या, एवढ्या लांब कशाला जाताय?’

मग चहाचा कप उचलत तिने विचारलं, ‘त्या विहिणीचा उच्चार परत सांग बघू.’