धुराचा ध्वज

२०२४ च्या सप्टेंबरअखेरीस बंगळूरच्या काही गच्च्यांवर पहाटेच माणसांची हालचाल सुरू झाली. पूर्वेला त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू आला होता. तो आधी कॅमेऱ्याला दिसे आणि मग कुठे डोळ्यांना. कारण या शहराच्या दिव्यांनी आभाळ केव्हाच धुऊन काढले आहे. सूर्य क्षितिजाखालीच होता, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून एक अंधुक शेपटी वर उभी होती.

'शेपटी' या शब्दानेच घोटाळा होतो. प्राणी पुढे जातो, शेपूट मागे राहते. धूमकेतू सूर्याकडे येताना हे खरे असते. वळसा घालून परत निघाला की शेपटी पुढे आणि तो मागे! शेंडेनक्षत्र या मराठी नावातही डोक्यामागची शेंडीच आहे. धूमकेतू हे नाव मात्र चपखल निघाले. केतू म्हणजे ध्वज, आणि ध्वज वाऱ्याची दिशा दाखवतो, वाहून नेणाऱ्याची नव्हे.

१९४९ मध्ये हार्वर्डला शिकणाऱ्या वेणू बाप्पू या बावीस वर्षांच्या आतल्या तरुणाला छायाचित्राच्या काचेवर एक नवा धूमकेतू सापडला. बाप्पू, बोक आणि न्यूकर्क अशी तीन नावे त्याला मिळाली. परंतु धूमकेतूंवरून वाहणारा तो वारा तोवर कोणाला ठाऊक नव्हता. धूमकेतूला शेपट्या दोन. एक धुळीची, रुंद, किंचित वाकलेली. तिला सूर्यप्रकाशाचा दाब ढकलतो. (गच्चीवरून दिसली ती बहुधा हीच.) दुसरी विद्युत्भारित वायूची, निळसर, बारीक, जवळजवळ सरळ. हिच्यातील गाठी इतक्या वेगाने पळतात, की प्रकाशाचा दाब त्याला पुरा पडत नाही. म्हणून १९५१ मध्ये लुडविग बिअरमान या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले, की सूर्यापासून सर्व दिशांना कणांचा प्रवाह अखंड वाहत असावा. १९५८ मध्ये यूजीन पार्करने त्याची मीमांसा करून त्याला सौरवारा म्हटले. पुष्कळांना ते पटले नाही. १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा वाद मिटला. सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाचा हा वारा इतका विरळ, की पृथ्वीजवळ घनसेंटिमीटरमध्ये त्याचे जेमतेम पाच-दहा कण. तरीही तो सूर्याचे चुंबकक्षेत्र सोबत आणतो. त्या क्षेत्राच्या रेषा धूमकेतूच्या डोक्याभोवती अडतात, वाकतात, आणि भारित वायू त्यांच्यातून मागे ओढला जातो. कधी सौरवादळ आदळले, की शेपटी तुटतेही. २००७ मध्ये एंकेच्या धूमकेतूची तशी तुटली. ती पुन्हा वाढू लागलेलीही यानाच्या कॅमेऱ्याने टिपली.

बाप्पू परतले. कोडाईकनालच्या वेधशाळेतून १९७१ मध्ये स्वायत्त भारतीय खगोलभौतिकी संस्था उभी राहिली. तिचे ठाणे बंगळुरात आले. कावलूरची मोठी दुर्बीण पूर्ण होण्याआधीच, १९८२ मध्ये, ते पंचावन्नाव्या वर्षी गेले. ६ जानेवारी १९८६ रोजी त्या दुर्बिणीला त्यांचे नाव देण्यात आले. योगायोग असा, की ६ जानेवारी २०२४ रोजीच आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचले. सूर्याचा प्रभामंडल न्याहाळणारे त्यावरील उपकरण बाप्पूंच्या संस्थेने घडवले आहे. सौरवाऱ्याचे कण मोजणारी उपकरणे शेजारीच बसवलेली आहेत.

ऑक्टोबरच्या मध्यास धूमकेतू संध्याकाळच्या पश्चिमेला आला. शेपटी पुढे करून तो रोज थोडा वर चढत होता. त्याच आठवड्यात बंगळुरात पाऊस कोसळला, आणि गच्च्या ओस पडल्या.