तापाची बोली

सरकारी पत्रके वाचण्याचा मला एक विचित्र छंद आहे. कर्ता नेमका कुठे दडला आहे हे शोधायला अर्धा तास लागावा अशी वाक्ये मराठीच्या मास्तराला दुसरीकडे कुठे मिळणार? पण २०१९ च्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांच्या सात दिवसांच्या शिबिराबरोबर गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात गेलो, तेव्हा अंगणवाडीच्या भिंतीवरचे एक पत्रक वाचून मला हसू आले नाही. ‘डासोत्पत्ती स्थाने’ काय, ‘कीटकजन्य आजार’ काय, ‘प्रादुर्भाव’ काय! माझ्या एम. ए. च्या वर्गाला ते समजले असते. पण भिंतीला टेकून बसलेल्या बायका माडिया बोलत होत्या. ती भाषा गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्राविडी. मराठीशी तिचे नाते शेजारणीचे, बहिणीचे नव्हे.

भामरागडपाशी इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. नकाशावर ती सीमा आहे. तिथल्या माणसांच्या लेखी ती नुसती नदी. मुलगी पलीकडे दिलेली, बैल पलीकडून आणलेला, आठवड्याचा बाजार जिकडे सोयीचा तिकडे. डासाला तर राज्यपुनर्रचनेची वार्ताच नाही! एका काठावर फवारणी झाली आणि दुसऱ्यावर राहिली, की पाहुणचाराला गेलेला माणूस ताप घेऊन परत येतो. शिकवणारी भाषा मात्र सीमेवर बदलते. इकडे मराठी, तिकडे हिंदी. आणि आजारी पडणारे दोन्हीकडे माडियातच कण्हतात.

वास्तविक ‘हिवताप’ हा फार सुरेख शब्द आहे. आधी हीव, मग ताप. रोगाची सारी कहाणी चार अक्षरांत. पण ताप ओळखायला त्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. शिकवायची असते ती गोळी. हिवतापाच्या जंतूंचे तिथे दोन प्रकार मुख्य. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत पोचला तर जीव घेतो. व्हायवॅक्स तसा सौम्य, पण यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. त्याला तिथून हुसकावण्यासाठी प्रायमाक्विनची गोळी १४ दिवस घ्यायची असते. ताप तर दोनतीन दिवसांतच उतरतो. बऱ्या झालेल्या माणसाने आणखी दहाबारा दिवस औषध का घ्यावे? आपण शहरातली शिकलेली माणसे तरी कुठे घेतो?

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या आशाताईंबरोबर एका घरी गेलो. सातआठ वर्षांचा पोरगा घोंगडीत कुडकुडत होता. ताईंनी त्याचे बोट टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतले. पाऊण तास वाटावा अशी पंधरा मिनिटे गेली आणि दोन रेघा उमटल्या. व्हायवॅक्स. आजीच्या मनातून त्याला पुजाऱ्याकडे न्यायचे होते. ताई हसून काहीतरी म्हणाल्या आणि आजीही हसली. मी अर्थ विचारला.

“पुजाऱ्याकडे जा, पन गोळी खाऊन जा म्हनलं. नको जाऊ म्हनलं असतं, सर, तर थे माह्याकडेच येनार नाही.”

मग ताईंनी मोहाच्या १४ बिया मोजून एका टोपलीत टाकल्या आणि पहिली गोळी देताच त्यातली एक बाहेर काढली. टोपली रिकामी होईपर्यंत ताप पोटातच आहे, असे आजीला सांगितले. यकृत आणि पोट यांतला फरक काढून मी काही मास्तरकी केली नाही.

बिया मोजण्याच्या या युक्तीची एक थोरली बहीण याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. पण अक्षरओळख नसलेल्या सुईणीने तो मोजावा कसा? तिच्यासाठी मण्यांचे एक साधे यंत्र केले गेले. मिनिटभराची वाळूची घडी उलटायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो, तर न्यूमोनिया. पन्नास की साठ, हा आकडा तिला ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. पत्रके लिहिणाऱ्यांनी हे यंत्र एकदा हातात घेऊन पाहावे, असे मला फार वाटते.

आम्ही निघालो त्या सकाळी मी मुद्दाम त्या घरी डोकावलो. टोपलीत आठ बिया होत्या. पोरगा ठणठणीत बरा होऊन नदीवर डुंबायला पळाला होता आणि आजी हातात गोळी घेऊन काठावरून त्याला हाका मारीत होती.