न मागता मिळणारे पाच व्होल्ट

मिरजेच्या घरी ट्रान्झिस्टरशेजारी एक काळा, जाडजूड एलिमिनेटर असायचा. सेलचा खर्च वाचावा म्हणून आणलेला. त्यावर फिरवायचं बटण, बटणाभोवती ३, ४.५, ६, ९, १२ असे आकडे, बाजूला प्लस-मायनस उलटं करायची खिट्टी आणि वायरच्या टोकाला लहानमोठ्या पिनांचा झुबका. ट्रान्झिस्टरला किती सेल लागतात ते बघायचं, दीडने गुणायचं आणि बटण त्या आकड्यावर आणायचं. चार सेल, म्हणजे सहा. हे खातं बाबांचं, बटणाला हात लावायची आम्हाला बंदी. आकडा चुकला तर रेडिओ गेलाच. आकडा बरोबर असला तरी बातम्यांच्या मागे एक बारीक घुंईं चालूच असायची.

हॉस्टेलवर नोकिया आले आणि आकडे विस्मरणात गेले. आता प्रश्न एवढाच, जाड पिन की बारीक? ‘बारीक पिनचा आहे का रे कुणाकडे?’ अशी हाळी रोज एकदा तरी व्हरांड्यात ऐकू यायची. भारनियमन संपून दिवे आले की एकेका बोर्डाला मजल्यावरचे सगळे फोन लोंबकळत. व्होल्ट किती, हे कुणी बघत नसे. पिन बसली की झालं.

सगळ्यांना एकच पिन देणाऱ्या यूएसबीचं पहिलं मानक १९९६ सालचं. ते घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट होते, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. (बडोद्याचं नाव निघालं की मराठी माणूस उगीचच दोन इंच वर होतो.) त्या पिनेची एक बाजू कायम उलटीच लागायची. दोन्हीकडून बसणारी केली असती तर खर्च दुप्पट झाला असता, असं भट्ट यांनी पुढे सांगितलं. दोन्हीकडून बसणारी सी-टाइप यायला २०१४ उजाडलं.

इथे बंगळुरूत बैयप्पनहळ्ळीला मेट्रोत चढलं की अर्ध्या डब्याच्या कानात बड दिसतात. माझ्याही. त्यांच्या खोक्यात चार्जिंगची डबी आणि वीतभर केबल मिळाली, चार्जर नाही. ऑफिसातल्या एकाने बजावलं, ‘लॅपटॉपच्या ६५ वॅटला लावू नका हां, जळतील.’ ही भीती एलिमिनेटरच्या काळातली. ६५ वॅट ही चार्जरची ऐपत झाली. किती करंट ओढायचा हे डबीतलं सर्किट ठरवतं, आणि चारपाचशे मिलिअँपिअर-अवरच्या त्या बॅटरीला फार काही लागत नाही. मागितल्याशिवाय असा चार्जर पाच व्होल्टच्या वर जातही नाही.

पण घडलं भलतंच. दोन्हीकडे सी असलेल्या केबलने डबी त्या महागड्या चार्जरला लावली, तर दिवाच लागेना. आणि जुन्या फोनच्या, चौकोनी खाचेच्या स्वस्त चार्जरला खोक्यातली केबल लावली की लगेच चालू! सी-टाइपच्या नियमाप्रमाणे चार्जर आधी समोरच्याची खूण तपासतो. ती खूण म्हणजे डबीच्या आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. ते दिसले नाहीत तर तो काहीच सोडत नाही. जुना चार्जर मात्र पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखा, पान मांडलंय की नाही हे न बघता पाच व्होल्ट वाढत सुटतो. माझ्या डबीत ते रेझिस्टर घालायचेच राहिले होते किंवा वाचवले होते. वाचले असतील काही पैसे. रुपये नव्हे, पैसे. हा कद्रूपणा मला महागड्या चार्जरच्या किमतीहून जास्त खटकतो.

एस. पी. रोडवरच्या दुकानदाराला ओहम-बिहम सांगावं लागलं नाही. डबी हातात घेऊन त्याने ‘सी-टू-सी नको सर’ म्हणत एका बाजूला जुनी चपटी पिन असलेली लांब केबल पुढे केली. तो म्हणतो ते बरोबर, पण ती पिन बसेल असे चार्जर आता किती दिवस मिळणार? युरोपात डिसेंबर २०२४ पासून नव्या इअरबडना सी-टाइप सक्तीचं झालंय आणि नव्या चार्जरांवर चौकोनी खाच कमी कमी दिसू लागलीय.

हल्ली बड घेताना मी खिशातून सी-टू-सी केबल काढतो आणि म्हणतो, ‘लावून दाखवा.’ दुकानदार खोक्याच्या सीलवर अंगठा ठेवतो. ‘फोडलं तर घ्यावंच लागेल, सर.’