जोंगा माहेरी निघाली

मनसर मागे पडलं आणि देवलापारनंतर पेंचच्या जंगलातले उंच पूल सुरू झाले. वरून गाड्या, खालून जनावरं, अशी इथली सोय. कडेला आवाज अडवायला भिंतीही आहेत, पण आमच्या जोंगापुढे त्यांचं काय चालणार! लष्करी लिलावातून मित्राने उचललेली ही गाडी नागपुरात एका मिस्त्रीच्या मागे लागून उभी केली होती. आता ती जिथे जन्मली त्या जबलपूरला माहेरपणाला निघाली होती. मित्राचं आजोळही तिथलंच.

बोनेटखाली 3,956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद 110 अश्वशक्ती. पेट्रोल किती पितं हे विचारायचं नाही. काटा सत्तरच्या पुढे न्यायचा नाही, हा मित्राचा नियम. मी पडलो शर्यतींचा शौकीन. अमेरिकेतल्या स्प्रिंट कारचे व्हिडिओ पाहत रात्री काढणाऱ्या माणसाला ही चाल म्हणजे शिक्षाच. तिथे मातीच्या लंबगोल धावपट्टीवर जेमतेम सहाशे-साडेसहाशे किलोची गाडी सुमारे 900 अश्वशक्तीवर पळते. डोक्यावर भलामोठा पंख, पोटात मिथेनॉल. वळणं सगळी डावीकडची, म्हणून मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं. स्टार्टर नाही, क्लच नाही. मागून दुसऱ्या गाडीने ढकलल्यावर ही सुरू होणार. कुरईचा घाट चढताना मी हे सगळं मित्राला ऐकवलं. ‘‘बंद पडली तर हिलाही ढकलूनच सुरू करतो आपण,’’ एवढंच तो म्हणाला.

सिवनी, छपारा, लखनादौन. धुमाच्या पुढे चहा झाला. तिलवारा घाटाच्या पुलावरून नर्मदा दिसली आणि जबलपूर आलं.

या गावाचा गाड्यांशी संबंध जुना. 1904 च्या गन कॅरेज फॅक्टरीत 1959 पासून जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागले. 1969 मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि निसानच्या गाडीवरून जोंगा आली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. आज हा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे आहे. संरक्षण खात्याची जागा, तेव्हा आत कोण सोडतो? रांझीतून फाटकाबाहेरचा रस्ता गाडीला दाखवला आणि मामांच्या घरी गेलो.

मामा याच कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडी पाहून घरात या म्हणायचंही विसरले. बोनेट उघडायला लावलं, इंजिन सुरू करायला लावलं, कान देऊन ऐकलं.

‘‘टॅपेट ढिले आहेत रे. कोणी बसवले?’’

भाचा गप्प. मग पाने आले, जुनं धोतर फाडून केलेली फडकी आली, आणि खोव्याची जलेबी तशीच थंड होत राहिली. मामी आतून दोनदा ओरडल्या.

हात पुसताना मी मामांना स्प्रिंट कारचा व्हिडिओ दाखवला. गाड्या त्यांनी फारशा पाहिल्या नाहीत. धावपट्टीच्या कडेला हात काळे केलेली माणसं उभी होती, तिकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘हे कोण?’’ गाडी जोडणारे, मी म्हटलं. शर्यत संपली की चालवणारा थेट यांच्याकडे येतो, काय बिघडलं ते सांगतो, दुसऱ्या रात्रीसाठी गाडी पुन्हा उघडली जाते.

‘‘नशीबवान आहेत,’’ मामा म्हणाले. ‘‘आमची गाडी फाटकाबाहेर गेली की गेली. लद्दाखला गेली का राजस्थानला, चालवणाऱ्याला स्टेअरिंग जड वाटलं का हलकं, आम्हाला कोण सांगणार? आज पहिल्यांदा कोणी घरी घेऊन आलं.’’

वेगाचं वेड मला अजूनही आहे. पण बनवणारा आणि चालवणारा एकमेकांसमोर उभे राहतात, हाच त्या शर्यतींचा खरा मोठेपणा, हे मला जबलपुरात पटलं. आपल्याकडे जोंगाची चर्चा झाली ती 2019 मध्ये धोनीने घेतली तेव्हा. तोवर तिचं उत्पादन थांबून वीस वर्षं झाली होती.

तुम्हालाही घ्यावीशी वाटली, तर आधी लिलावाची कागदपत्रं आणि आरटीओची नोंदणी तपासा. रंग आणि टायर नंतर बघा. आणि टॅपेट जबलपूरच्या एखाद्या निवृत्त माणसाला ऐकवा.